माहूरगड उतरताना

हदगाव ते उमरखेड या रस्त्यावर ड्रायव्हरच्या पायाला फारसं काम नसतं. कयाधू आणि पैनगंगेच्या खोऱ्यातला हा काळ्या जमिनीचा सपाट मुलूख. नांदेडहून नागपूरकडे जाणारा महामार्ग आता रुंद आणि गुळगुळीत झाला आहे, आणि हदगावात चढ म्हणून दाखवायचा तर दत्तबर्डीची टेकडी दाखवावी लागते. चैत्र लागला होता. शेतांत हळदीची काढणी संपत आली होती. कुठे कुकरमधून वाफ निघत होती, कुठे शिजलेली हळद ताडपत्र्यांवर वाळत पडली होती आणि तिचा उग्र, मातकट वास बंद काचांतूनही आत येत होता. या मुलखात गाडी शिकलेला माणूस वळणाला, खड्ड्याला, रस्त्यावर आलेल्या म्हशीला चांगला तयार होतो, पण उताराच्या बाबतीत कोराच राहतो. आमच्याकडच्या बहुतेकांची घाटाशी गाठ पडते ती माहूरला, आणि तीही वर्षातून एखाद्या वेळी.

गाडी माझ्या मावसभावाची, इसुझूची व्ही-क्रॉस. पिकअप म्हटलं की आमच्या भागात बोलेरो डोळ्यांपुढे येते: पाच गिअर, जड क्लच, मागे केळीचे घड नाहीतर शेळ्या. ही जात वेगळी. १.९ लिटरचं डिझेल इंजिन, १६३ अश्वशक्ती आणि सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. क्लच नाहीच, डावा पाय मोकळा. हौद्यात सेलम हळदीच्या बेण्याची चार पोती होती, माहूरजवळच्या पाहुण्यांना पोचवायची. मागच्या सीटवर मावशी आणि वहिनी. मावशीला रेणुकेचं दर्शन घ्यायचं होतं. मला ही गाडी गड उतरताना कशी वागते ते नीट पाहायचं होतं. ऑटोमॅटिक गाड्या आता तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या आहेत. त्या विकताना चढ किती सहज चढते ते भरभरून सांगतात. उतरायचं कसं, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

सपाटीवरच पहिला धडा मिळाला. ऐंशीच्या वेगात असताना मावसभावाला म्हटलं, पाय काढ. त्याने ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला. गाडी एकदम ओढल्यासारखी हळू झाली नाही, आपल्याच नादात पुढे जात राहिली. गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये होता आणि त्या गिअरमध्ये इंजिन फार हळू फिरतं, त्यामुळे चाकांना त्याचा अडथळा कमी होतो. वेग उतरत गेला तसा गिअरबॉक्स एकेक पायरी खाली आला आणि मग थोडी ओढ जाणवू लागली. बोलेरोवर वर्षं काढलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. तिथे चौथ्या गिअरला पाय काढला की गाडी धरते, हे पायाच्या अंगवळणी पडलेलं असतं.

‘‘मग न्यूटल केली तर? डिझेल तरी वाचंल,’’ मावसभाऊ म्हणाला.

हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. कार्बोरेटरच्या काळात त्याला थोडाफार आधार होता. आजच्या इंजिनात तो उरलेला नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनाचा संगणक इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे ते बंद पडण्याची भीती नसते आणि डिझेल थेंबभरही लागत नाही. इंजिन संथ चालीच्या जवळ आलं की मगच इंजेक्टर पुन्हा सुरू होतात. न्यूट्रल केल्यावर मात्र इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो, आणि ते चालू ठेवण्यासाठी डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे खऱ्या उतारावर न्यूट्रल करणारा माणूस डिझेल वाचवत नाही, जाळतो. अगदी हलक्या, लांबलचक उताराची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे गिअरमध्ये गाडी मंदावून पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, आणि सुटी सोडली तर ती तेवढंच अंतर फुकट कापते. काही नव्या गाड्यांत ही सोय कारखान्यातूनच येते, पण तिथे संगणक सगळ्यावर नजर ठेवून असतो आणि गरज पडताच इंजिन परत जोडतो. हाताने दांडा न्यूट्रलला टाकणं ही वेगळी बाब झाली.

उमरखेडच्या अलीकडे पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. तिथून महागाव आणि मग धनोडा. धनोड्याला तीच पैनगंगा पुन्हा ओलांडायची आणि पुन्हा नांदेड जिल्ह्यात यायचं. नकाशात पाहिलं तर नदी माहूरच्या डोंगराला वळसा घालून जाताना दिसते. पुलावरून खाली पाहिलं तर चैत्रात पात्रात खडकच जास्त. पलीकडे सागाचं रान सुरू होतं. सागाची पानं गळून गेली होती आणि उघड्या खोडांमधून डोंगराचा खरा उतार दिसत होता. पावसाळ्यात हाच डोंगर पाहिला तर तो किती उभा आहे हे हिरवळ कळू देत नाही.

माहूर गावातून गडाकडे वळलं की घाट लगेच अंगावर येतो. चढताना गाडीचं कौतुकच वाटलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये या गाडीत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. एका बंद डब्यात तेल, त्यात समोरासमोर दोन पंखे. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाचा झोत दुसऱ्याला फिरवतो. मध्ये तिसरं एक चाक तेलाला अशी दिशा देतं की कमी वेगात जोर वाढतो. म्हणून वळणावर पुढची जीप थांबली, तरी आपण ब्रेकवरून पाय उचलून ॲक्सिलरेटर दाबला की गाडी मागे न घरंगळता उचलते. क्लच जळण्याचा वास नाही, हँडब्रेकची कसरत नाही. वहिनी म्हणाल्या, ‘‘अहो, ही तर मलाही चालवता येईल.’’ येईलच. आणि त्या चालवतील तेव्हा उताराचं ज्ञान त्यांनाही हवं, म्हणून हे सगळं सांगतो आहे.

रेणुकेचं ठाणं साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ. देवीचा शेंदरी मुखवटा भव्य आहे. नैवेद्य तांबुलाचा. दाराशी खलबत्त्यात विड्याची पानं कुटण्याचा ठेका सतत चालू असतो, आणि तो कुटलेला विडा प्रसाद म्हणून हातावर पडतो. मावशी बराच वेळ हात जोडून उभी होती. पुढे अनसूयामाता आणि दत्तशिखर. तिथवर गाडीरस्ता आहे आणि तोही चढ-उताराचाच. दत्तशिखराहून चहूकडे डोंगरांच्या सोंडा दिसतात, सह्याद्रीच्या पूर्वेकडे गेलेल्या या शेवटच्या रांगा. हे ठिकाण मला नेहमीच आवडत आलं आहे. वर वारा असतो आणि माणसं खालच्यापेक्षा हळू आवाजात बोलतात.

चहाच्या टपरीवर निवृत्तीला आलेले एक एसटीचे ड्रायव्हर भेटले. मी विषय काढताच ते खुलले.

‘‘मामा, घाट उतरायचा नियम काय?’’

‘‘नेम एकच. ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरायचं. अन् गिअर टाकायचा वरी, उतार लागायच्या आंदी. खाली गेल्यावर टाकू म्हनलं की गाडी ऐकत नसते.’’

‘‘आमच्या गाडीत गिअर आपोआप पडतात.’’

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं. ‘‘मंग तिला कोन सांगतं की उतार हाय म्हून?’’

हा प्रश्न मी आजवर वाचलेल्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा नेमका होता. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला मुख्यतः दोन गोष्टी कळतात: गाडीचा वेग आणि ॲक्सिलरेटरवरचा दाब. उतारावर वेग वाढत असतो आणि पाय सुटलेला असतो. सपाटीवर याचा अर्थ एवढाच की चालकाला आता जोर नको. मग गिअरबॉक्स वरचा गिअर टाकतो. म्हणजे इंजिनाने गाडीला धरून ठेवायला हवं, नेमक्या त्या क्षणी तो तिला सोडून देतो. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांचे संगणक उतार ओळखतात, ब्रेक दाबला की एखादा गिअर खाली आणतात. पण किती आणि केव्हा, हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं.

परतताना वाहनतळातून बाहेर पडल्यावर, एका सरळ आणि मोकळ्या टप्प्यावर, आधी दांडा डी वर ठेवून पाहिलं. पाय काढला. गाडी वीस-पंचविसावरून सावकाश पण न थांबता वेग घेत गेली. इंजिनाचा आवाज वाढला नाही, उलट मध्येच उतरला, म्हणजे वरचा गिअर पडला होता. वळण जवळ येत होतं. ब्रेक दाबून वेग कमी केला, दांडा डावीकडच्या खाचेत सरकवला आणि उणे चिन्हाकडे ढकलत दुसऱ्या गिअरला आणला. इंजिनाचा आवाज चढला, काटा दोन हजारांच्या आसपास गेला आणि गाडीने स्वतःला आवरलं. पुढचा सगळा घाट तिशीच्या आतबाहेर उतरलो. ब्रेकला पाय लागला तो फक्त वळणांवर आणि वर येणाऱ्या गाड्यांना वाट देताना. अरुंद घाटात चढणाऱ्याला वाट द्यायची, हा रस्त्याचा कायदाही आहे आणि रीतही.

डिझेल गाडीत इंजिनाची ही पकड पेट्रोलपेक्षा मुळात कमी असते. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची झडप मिटते आणि पिस्टनला जवळजवळ बंद नळीतून हवा ओढावी लागते. त्या ओढाताणीत गाडीची ताकद खर्च होते. डिझेल इंजिनात अशी झडप मिटत नाही. पिस्टन हवा दाबतो खरा, पण दाबलेली हवा पुढच्याच क्षणी त्याला परत ढकलते, त्यामुळे निव्वळ अडथळा उरतो तो घर्षणाचा आणि वाया गेलेल्या उष्णतेचा. म्हणून डिझेल पिकअपला खालचा गिअर हवाच. इंजिन जितकं जास्त फिरेल तितकी पकड वाढते. टॉर्क कन्व्हर्टरमुळे आणखी एक गोम येते. उतारावर चाकं इंजिनाला फिरवू पाहतात, म्हणजे तेलाचा झोत उलट्या बाजूने काम करू लागतो, आणि त्या बाजूने तो ढिला असतो. यावर उपाय म्हणून कन्व्हर्टरच्या आत एक कुलूप-क्लच असतो. तो लागला की दोन्ही पंखे एकत्र फिरतात आणि पकड घट्ट होते. तो सुटला की पायाखालची गाडी एकदम मोकळी झाल्यासारखी वाटते. जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक गाड्यांत तर डी मध्ये खालच्या गिअरला एकाच दिशेने धरणारे क्लच असत. तिथे एल किंवा २ वर दांडा ओढल्याशिवाय इंजिन गाडीला रोखतच नसे.

मोठ्या ट्रकांचा प्रश्न याच डिझेल इंजिनाच्या स्वभावातून निघाला. अमेरिकेतले क्लेसी कमिन्स, ज्यांच्या नावाची इंजिनं आज आपल्याकडच्या कितीतरी ट्रकांत आणि जनरेटरांत आहेत, १९३१ मध्ये डिझेल ट्रक घेऊन देश ओलांडायला निघाले होते. कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीत ट्रकचे ब्रेक हरले. उताराच्या तळाशी रेल्वेमार्ग होता आणि त्यावरून मालगाडी जात होती. ट्रक थोडक्यात वाचला. त्या प्रसंगाचं त्यांनी विस्मरण होऊ दिलं नाही. दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलण्याआधीच बाहेर सोडून दिली तर इंजिन स्वतःच ब्रेक होईल, ही कल्पना त्यांनी उतारवयात पुरी केली आणि १९६१ मध्ये तो ब्रेक बाजारात आला. आपल्याकडच्या ट्रक-बसमध्ये त्यापेक्षा साधा एक्झॉस्ट ब्रेक असतो, धुराची वाट अडवून इंजिनाला दाबून धरणारा. पिकअपमध्ये यातलं काहीच नसतं. तिथे खालचा गिअर, एवढाच आधार.

आणि आधार नको असेल तर सगळा भार ब्रेकवर येतो. किती भार, याचा हिशेब मी तिथेच मांडला. माणसं-सामानासकट आमची गाडी अडीच टनांच्या आसपास. ती शंभर मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्यात सात लिटर गार पाण्याला उकळी येईल. ही सगळी उष्णता पुढच्या दोन डिस्क आणि मागच्या दोन ड्रममध्ये कोंबायची. ब्रेक सतत दाबून ठेवला तर लायनर तापतात, त्यांची पकड जाते, मग तेल तापतं. नव्या डॉट ३ ब्रेक ऑइलचा उत्कलनांक किमान २०५ अंश असतो, पण हे तेल हवेतली ओल पितं आणि वर्षा-दोन वर्षांत तो आकडा १४० पर्यंत घसरू शकतो. तेलात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल तळापर्यंत जातं आणि गाडी थांबत नाही. ब्रेक फेल म्हणतात ते पुष्कळदा हेच असतं. काही तुटलेलं नसतं. गाडी गार झाल्यावर ब्रेक पुन्हा लागतात आणि तपासणाऱ्याला दोष सापडत नाही.

गावात खाली आलो तेव्हा रस्त्याकडेला एक जीप उभी होती. चाकांतून जळका वास येत होता आणि एक पोरगा बाटलीतलं पाणी तापल्या चाकावर ओतायच्या बेतात होता. त्याला थांबवलं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर डिस्क वाकते, ड्रमला तडाही जाऊ शकतो. गाडी सपाटीला लावून आपोआप निवू द्यायची, आणि हँडब्रेक न ओढता चाकांना दगड लावायचे. पोरगं समजूतदार होतं, त्याने बाटली पिऊन टाकली.

न्यूट्रलच्या सवयीची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने ४८ गाड्यांना धडक दिली. आधी ब्रेक निकामी झाल्याचं बोललं गेलं. नंतर, इंधन वाचवायला चालकाने कात्रजकडून येणाऱ्या उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तपासातून पुढे आलं. आपल्यासारख्या लहान गाडीत इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी दोन-चार दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं. ऑटोमॅटिकमध्ये तर गिअरबॉक्सचा तेलाचा पंपच इंजिनावर चालतो, त्यामुळे आतले दाते कोरडे फिरतात. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक गेलेला ट्रक रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. त्यात चहा प्यायला थांबलेले होते, बसची वाट पाहणारे होते. त्यांचा उताराशी काही संबंध नव्हता.

परतीला किनवटची वाट धरली, सारखणीवरून. बेण्याची पोती पाहुण्यांकडे उतरल्यामुळे हौदा रिकामा होता आणि गाडी मागून हलकी झाली होती. इथे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट आहे. टू-व्हीलवर चालणाऱ्या पिकअपमध्ये इंजिनाची पकड फक्त मागच्या चाकांवर येते. हौदा रिकामा, रस्ता ओला आणि गिअर एकदम खाली आणला, तर मागची चाकं घसरून गाडी आडवी होऊ शकते. पावसाळ्यात माहूरला धुकं आणि चिखल दोन्ही असतात. तेव्हा फोर-हाय लावून चारही चाकांवर पकड वाटून घ्यावी आणि गिअर एकेक पायरीने उतरवावा. कोरड्या डांबरावर मात्र फोर-हाय नको, त्याने वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात. हिल डिसेंट नावाचं बटण काही गाड्यांत असतं. ते कच्च्या, उभ्या वाटेसाठी चांगलं आहे, पण ते काम करतं ब्रेकच्याच जिवावर, हे विसरू नये.

इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला थांबलो. धबधबा चैत्रात बारीक धारेवर आला होता, काळा पाषाण उघडा पडला होता. मावशीने पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला. पुढे हिमायतनगर आणि मग पुन्हा आमची सपाटी. मावसभाऊ गाडी चालवत होता. बारीकसारीक उतारालाही तो दांडा डावीकडे घेऊन गिअर मोजत होता, आणि न्यूटलचं नाव त्याने काढलं नाही.

नवरात्रात गर्दीमुळे खासगी गाड्या गडावर सोडत नाहीत, पण एरवी वर्षभर घरोघरच्या गाड्या वर जातात आणि त्यांतल्या ऑटोमॅटिक आता दरसाल वाढत जाणार. तेव्हा वाहनतळाच्या बाहेर पडण्याच्या ठिकाणी एक मोठा फलक लावायला हवा: दुसरा गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर डी वरून दांडा काढा, न्यूट्रल करू नका. खर्च एका पत्र्याचा आणि रंगाचा आहे. फलक लागेपर्यंत तुम्ही गडावर जाल तेव्हा गाडीचं माहितीपुस्तक आदल्या रात्री काढा, दांड्यावरची एम, एल, एस ही अक्षरं तुमच्या गाडीत काय करतात ते वाचा आणि हदगावच्या सपाटीवरच ती एकदा वापरून पाहा.